केस तीन, दोनदा

दुसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मावशी पहिल्यांदा शिरल्या तेव्हा त्यांच्या हातात फडकं होतं. त्याला एकोणीस वर्षं झाली. फडकं अजून आहे. फक्त आता ते खांद्यावर असतं आणि मावशी मुलांच्या पाठीमागे उभ्या असतात.

नोकरीच्या कागदावर त्या प्रयोगशाळा परिचर. म्हणजे लॅब उघडायची, पुसायची, चाळीस मशीन सुरू करायची, संध्याकाळी बंद करायची. मधल्या वेळात काय करायचं ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. ही चूक कॉलेजची.

मधल्या वेळात मावशी ऐकत. दर वर्षी नवी मुलं येत आणि दर वर्षी त्याच चुका करत. स्क्रीनवर जे वाक्य येऊन मुलांचे चेहरे पडत, ते वाक्य मावशी एका वहीत अक्षर न् अक्षर उतरवून घेत. अर्थ कळायचा नाही. दहावीचं इंग्रजी त्यांनी दहावीतच सोडलं होतं. पण सर येऊन काय दुरुस्त करतात ते त्या शेजारी लिहून ठेवत. तीन वर्षांत वही भरली. चौथ्या वर्षापासून सरांना कमी हाका यायला लागल्या. सरांना वाटलं, आपण आता चांगलं शिकवतो.

मुलं सगळ्यात जास्त अडायची ती स्विचपाशी. मावशींच्या भाषेत सांगायचं तर स्विच म्हणजे प्रोग्राममधली दारांची ओळ. प्रत्येक दाराला एक केस म्हणतात, आणि दारावर नंबर असतो. तुम्ही नंबर सांगायचा, ते दार उघडतं, आतलं काम होतं. काम झालं की ब्रेक लिहायचा, म्हणजे माणूस बाहेर पडतो. ब्रेक नाही लिहिला तर तो तसाच पुढच्या दारात घुसतो, तिथून त्याच्या पुढच्या. आणि कुठल्याच दाराशी नंबर जुळला नाही तर शेवटी डिफॉल्ट. आलेल्या माणसाला निदान "चुकलात" एवढं तरी सांगायला कोणी हवं.

प्रोग्राम चालायच्या आधी कंपायलर तो वाचतो आणि खुसपटं काढतो. ब्रेक विसरला तर मात्र तो एक अक्षर बोलत नाही. म्हणून मावशी बोलायच्या. "ब्रेक कुठाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे, त्यावरून मुलांनी त्यांना ब्रेकमावशी नाव ठेवलं. त्यांच्यासमोर नुसतं मावशी.

"मावशी, सात एरर आलेत."

"सात नाही आले. एक आला, बाकीचे त्याचे पाहुणे. वरचा वाच."

"केस लेबल नॉट विदिन अ…"

"स्विचच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकलायस."

"तुम्ही तर बघितलंच नाही!"

"बघायचं काय त्यात? दार लावून घेतलंस आणि मग घरात सामान लावायला निघालास. सगळं बाहेर पडलंय. काढ तो."

अर्धविराम काढला की सातही एरर जात. मुलगा वळून बघे तोवर मावशी दोन खुर्च्या पुढे गेलेल्या असत. तिथे कोणीतरी केसच्या पुढे अख्खा शब्द लिहून बसलेलं असे. "नंबर लाव, नाहीतर एकच अक्षर लाव. दारावर पत्रिका चिकटवू नकोस."

हे सगळं हात पाठीमागे बांधून चाले. त्याचं कारण जुनं होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मावशींनी एक कीबोर्ड ओल्या फडक्याने मनापासून पुसला. मशीन चालू होतं. एका मुलाची दोन तासांची मेहनत त्या फडक्याबरोबर गेली. तेव्हाच्या प्रमुखांनी हुकूम काढला, की परिचरांनी कीबोर्डला हात लावू नये. पुढे ते प्रमुख निवृत्त झाले, हुकूमही सगळे विसरले. मावशी विसरल्या नाहीत. एकोणीस वर्षांत त्यांनी हजारो एरर काढले आणि कीबोर्डचं एक बटण दाबलं नाही.

बुधवारची गोष्ट वेगळी होती.

नऊ वर्षांपूर्वी एका बुधवारी चार वाजता मावशी जिना पुसायला आल्या तर पायऱ्यांवर तीन मुलं बसलेली. पाय पसरून. प्रोग्रामिंगच्या विषयात नापास झालेली. त्यांना नेहमीच्या तासाला बसता येत नव्हतं, कारण तिथे नवी मुलं बसत. आणि लॅबशिवाय सराव होत नव्हता. मावशी म्हणाल्या, "पाय आवरा. पुसायचंय मला." मुलं उठली आणि खालच्या पायरीवर बसली. मावशी खालची पायरी पुसायला गेल्या. मुलं आणखी खाली. शेवटी मावशी वैतागून म्हणाल्या, "त्यापेक्षा आत बसा बाई एकदाचे."

तेव्हापासून बुधवारी चार ते पाच. वेळापत्रकात हा तास नव्हता. दारावर एक पाटी लागे: "सफाई चालू आहे." आत दहा-बारा नापास मुलं कंपायलरशी झटत असत. कोणी शिकवायला नव्हतं. मागे मावशी होत्या. पाच वाजता त्या सगळ्यांना उठवून खरंच झाडू मारत, कारण पाटीवर खोटं लिहिणं त्यांना पटत नव्हतं.

यंदा मात्र कॉलेजने नवा नियम काढला. लॅबमध्ये यापुढे परिचर नकोत, फक्त सहाय्यक. परिचरांनी परीक्षा द्यावी. पास झाले तर सहाय्यक, नाहीतर पुढच्या सत्रापासून वसतिगृहाचं भांडार. परीक्षा एका तासाची. एक प्रोग्राम स्वतः लिहायचा, स्वतः टाइप करायचा, चालवून दाखवायचा.

मावशींनी नोटीस दोनदा वाचली. "स्वतः टाइप करायचा" ही ओळ तीनदा.

घरी त्यांनी बातमी सांगितली तेव्हा यजमान स्टोव्हचा बर्नर साफ करत बसले होते. ते बस डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. घरातली एकही वस्तू बिघडत नसे, म्हणून ते आधीच दुरुस्त करत.

"भांडारात काय असतं?" त्यांनी विचारलं.

"चादरी. बादल्या. बल्ब."

"मग बरंच की. बादली उलट उत्तर देत नाही."

"अहो, माझा बुधवार जाईल."

यजमानांनी बर्नर खाली ठेवला. बुधवारचं त्यांना माहीत होतं. जगात ते माहीत असलेले दोनच: यजमान आणि नापास मुलं.

"त्यातली किती पास होतात गं?"

"निम्मी."

"आणि निम्मी?"

"निम्मी पुढच्या वर्षी परत येतात. ओळखीची होतात."

"चुका तर तुला झोपेतही सापडतात. मग अडलं कुठे?"

मावशींनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. बोटं चांगली होती. एकोणीस वर्षं पाठीमागे बांधलेली.

बुधवारी नापासांना कळलं. त्यांच्यात एक चष्मेवाली होती. तीन वेळा त्या विषयात आपटलेली. तिने मावशींना खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली.

"मावशी, प्रोग्राम आम्हाला येत नाही हे खरंय. पण टायपिंग येतं. ठेवा बोटं."

"हात लावू?"

"लावायलाच बसलाय ना!"

मावशींनी एक बटण दाबलं. स्क्रीनवर एक अक्षर उमटलं. त्यांनी दचकून हात मागे घेतला. सगळा वर्ग हसला. मग त्याही हसल्या, आणि म्हणाल्या, "गप बसा. तुमचा पहिला दिवस बघितलाय मी."

अक्षरं सापडत, पण महिरपी कंस सापडत नसे. मावशी डावीकडून सुरुवात करून एकेक बटण वाचत जात आणि कंस उजवीकडे बसलेला. "हा असा कोपऱ्यात कोणी ठेवला?" त्या दर वेळी विचारत. चष्मेवाली म्हणे, "मावशी, पाचव्यांदा तोच प्रश्न." मागून कोणीतरी म्हणे, "पाच वेळा म्हणजे मावशी आता आमच्यातल्याच." हे बोलणाऱ्याला पुढच्या बुधवारी मावशींनी आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

मोडक्या सामानातून मावशींनी एक कीबोर्ड मागून घरी आणला. त्याला मशीन नव्हतं. जेवणाच्या टेबलावर तो ठेवून त्या बोटं आपटत. यजमान समोर बसून अक्षरं सांगत.

"पी. आर. आय. एन. टी. एफ."

टक. टक. टक.

"बरोबर आलं का?" मावशी विचारत.

"मला काय दिसतंय? वायर टेबलाखाली लोंबतेय नुसती."

"तुम्ही बोटांकडे बघा ना."

"बघतोय. पी म्हणालो तेव्हा तू ओ दाबलास. नापासांकडून शिकून पास व्हायला निघालीस, देव पाठीशी असू दे."

तरी ते रोज बसत. आठवड्याभराने यजमानांनाच सरावाचा सगळा प्रोग्राम पाठ झाला. सकाळी दाढी करताना ते पुटपुटत, "केस एक, कोलन." आतून मावशी ओरडत, "ब्रेक!"

परीक्षा सोमवारी अकरा वाजता. संगणक विभागात एकच परिचर, म्हणून उमेदवारही एकच. बाहेरून आलेले परीक्षक किरकोळ अंगाचे होते आणि त्यांना सर्दी झालेली होती. दर पाच मिनिटांनी ते खिशातून गोळी काढून तोंडात टाकत. त्यांनी मावशींना खिडकीजवळचं मशीन दिलं आणि दोन कागद. एकावर प्रश्न. दुसरा त्याला टाचलेला.

प्रश्न असा: आठवड्याच्या वाराचा क्रमांक घ्यावा. सोमवार एक, मंगळवार दोन, याप्रमाणे. त्या दिवशी दुपारच्या सत्रात लॅबमध्ये कोणता वर्ग असतो ते स्विच वापरून छापावे. क्रमांक चुकीचा असल्यास तसे छापावे. वेळापत्रक सोबत जोडले आहे.

मावशींनी प्रश्न वाचून कागद खाली ठेवला. त्यांना हसूच आलं. या लॅबमध्ये कुठल्या वारी कोण असतं हे त्यांना विचारत होते! टाचलेला कागद त्यांनी उलटूनसुद्धा पाहिला नाही. स्वतःच्या घरात कोण कुठे झोपतं हे कागदावर कोण बघतं?

त्यांनी पदर खोचावा तसं फडकं कमरेला खोचलं आणि सुरुवात केली.

टक. टक. परीक्षकांनी पहिली दहा मिनिटं त्यांच्या बोटांकडे पाहिलं, मग दया येऊन खिडकीबाहेर. महिरपी कंस पहिल्या झटक्यात सापडला. केस एक, कोलन, द्वितीय वर्ष, ब्रेक. केस दोन. तीस मिनिटांत सगळं उतरलं. मावशींनी कंपाइल केलं, म्हणजे प्रोग्राम कंपायलरकडे वाचायला दिला.

चार एरर.

"वरचा," मावशी स्वतःशीच म्हणाल्या. क्रमांक वाचून घ्यायच्या ओळीला शेवटचा अर्धविराम नव्हता. दिला. पुन्हा कंपाइल केलं. दोन गेले. मग एक कंस निसटलेला होता, तो लावला. आता एकच एरर उरला.

डुप्लिकेट केस व्हॅल्यू.

हे वाक्य त्यांच्या वहीच्या अकराव्या पानावर होतं. एकाच नंबरची दोन दारं लावलीत. शेकडो मुलांना त्यांनी हे सांगितलं असेल. नकलून घेणारी मुलं हमखास करायची ती चूक. वरची केस उचलून खाली चिकटवायची आणि नंबर बदलायला विसरायचं.

मावशींनी ओळ शोधली. केस तीन. बुधवार. पुनर्परीक्षार्थी, म्हणजे नापास, चार ते पाच. कोलन होता. ब्रेक होता. मग त्यांनी वर पाहिलं. केस तीन. बुधवार. प्रथम वर्ष, दोन ते चार. तिथेही सगळं ठाकठीक.

दोन्ही बरोबर होते. बुधवारी असतातच दोन.

त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मुलांच्या चुका त्यांना लगेच दिसत, कारण त्या चुका असत. ही चूक नव्हती. ही वस्तुस्थिती होती.

"असतात रे दोन," त्या मशीनला हळूच म्हणाल्या.

परीक्षकांनी मान वळवली. "काही म्हणालात?"

"तुम्हाला नाही."

त्यांनी पुन्हा कंपाइल केलं. कोणतंही अक्षर न बदलता. लॅबमध्ये मुलं असं करत तेव्हा मावशी विचारायच्या, "आता त्याचं मत बदलेल होय रे?" त्यांना ते आठवलं आणि कान गरम झाले. तेच वाक्य पुन्हा आलं. घड्याळात अकरा वाजून सदतीस.

एक दार काढावं लागणार होतं. कोणतं? प्रथम वर्ष काढणं शक्य नव्हतं, तो तर खरा वर्ग. खालचा काढला की झालं. त्यांनी कर्सर खालच्या ओळीवर नेला. तो तिथे लुकलुकत राहिला. मावशींना तिथे चष्मेवाली दिसायला लागली, आणि तो मागून बोलणारा, आणि आधीच्या आठ वर्षांतले सगळे. बोट काही खाली येईना.

मग त्यांना स्वतःचीच चीड आली. दार एक आणि आत माणसं दोन, याला कोण नको म्हणतंय? दोन वर्ग काय वेगवेगळ्या दारांनी येतात? एकाच दाराने येतात, एक गेल्यावर दुसरा. त्यांनी खालची केस पुसली आणि नापासांची ओळ वरच्या केस तीनमध्ये, प्रथम वर्षाच्या खाली, ब्रेकच्या आधी टाइप केली. कंपाइल केलं.

एकही एरर नाही.

मावशींनी एक दाबलं, द्वितीय वर्ष आलं. नऊ दाबलं, "चुकीचा वार" आलं. तीन दाबलं तर दोन ओळी झोकात उभ्या राहिल्या. त्या परीक्षकांकडे वळून म्हणाल्या, "झालं बघा."

परीक्षक आले. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. त्यांनी एक ते सहा सगळे वार टाकून पाहिले आणि टाचलेल्या कागदाशी ताडले. तीनपाशी थांबले.

"हे जास्तीचं काय आहे?"

"कुठलं?"

"चार ते पाच. पुनर्परीक्षार्थी. वेळापत्रकात नाही."

"राहिलं असेल," मावशी सवयीने म्हणाल्या. "असतो ना वर्ग. दर बुधवारी."

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. नऊ वर्षं दारावर पाटी लावून झाकलेलं त्यांनी परीक्षेच्या उत्तरात, बाहेरच्या माणसासमोर, स्वतःच्या हाताने टाइप करून ठेवलं होतं. त्यासाठी महिनाभर सराव केला होता.

परीक्षक रीतसर माणूस. त्यांनी विभागप्रमुखांना बोलावून घेतलं. प्रमुख सर हातात चहाचा कप घेऊन आले.

"सर, बुधवारी चार वाजता इथे कोणता वर्ग असतो?"

"बुधवारी चारला? सफाई असते," प्रमुख म्हणाले. "पाटी असते तशी. हो ना मावशी?"

"असते की, सर. तीही करते."

"तीही म्हणजे?"

मावशींनी सांगितलं. जिना, पायऱ्या, पाय पसरलेली मुलं, सगळं. आवाज कमी होत गेला. प्रमुखांचा चहा कपातच राहिला.

"किती वर्षं?"

"नऊ."

"नऊ!" प्रमुख खुर्चीत बसले. "माझ्या लॅबमध्ये नऊ वर्षं एक वर्ग चालतो आणि मला…"

"रोज नाही, सर. बुधवारीच फक्त."

परीक्षकांना शिंक आली. ती खरी होती की सोयीची, कळलं नाही. नाक पुसून ते म्हणाले, "तुमचं आपसातलं नंतर बघा. माझा प्रश्न एवढाच, की उत्तर दिलेल्या तक्त्याशी जुळतं का. आत्ता जुळत नाही. सात मिनिटं आहेत. मावशी, ती ओळ काढा, मी पास करतो. ठेवलीत तर नाही करता येणार."

प्रमुख मावशींकडे बघत होते. त्यांना वाटत असावं की आता ही बाई काहीतरी बाणेदार बोलणार. मावशींच्या डोक्यात मात्र साधा हिशोब चालला होता. ओळ ठेवली तर त्या भांडारात, आणि बुधवार बंद. ओळ काढली तर त्या इथेच. कागदावर बुधवार आधीही नव्हता.

त्या पुन्हा मशीनसमोर बसल्या. कर्सर त्या ओळीच्या आधी नेला. मग कीबोर्डवर झुकून काहीतरी शोधायला लागल्या. शोधता शोधता दोन मिनिटं गेली.

"डिलीटचं बटण वर उजवीकडे आहे," परीक्षक न राहवून म्हणाले.

"ते माहितीय. तिरपी रेघ कुठाय?"

सापडली. मावशींनी ती दोनदा दाबली. ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा आल्या. अशा दोन रेघा मारल्या की कंपायलर ती ओळ वाचतच नाही. माणसांना मात्र ती दिसत राहते. मुलं या रेघांमागे एकमेकांसाठी नको ते लिहून ठेवत आणि मावशी ते वाचून त्यांना हाकलत.

कंपाइल केलं. तीन दाबलं. प्रथम वर्ष. एकच ओळ.

परीक्षकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "काढली नाहीत तुम्ही."

"मशीनला दिसत नाही ती, सर."

"मला दिसतेय."

"तुम्हाला चालवायचाय का प्रोग्राम?"

प्रमुखांनी कप तोंडाला लावला, बहुधा तोंड लपवायला. परीक्षकांनी प्रश्नाचा कागद पुन्हा वाचला. छापावे, असं लिहिलं होतं. काय लिहून ठेवू नये याबद्दल त्यात काही नव्हतं. त्यांनी एक नवी गोळी काढली, मावशींनाही एक दिली आणि कागदावर "उत्तीर्ण" लिहून सही केली. अकरा वाजून एकोणसाठ मिनिटं झाली होती.

परीक्षक गेल्यावर प्रमुखांनी मावशींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर प्रोग्रामची छापील प्रत होती. दोन रेघा मारलेली ओळ तिच्यात स्पष्ट दिसत होती.

"बसा," प्रमुख म्हणाले.

मावशी उभ्याच राहिल्या. केबिनमधल्या खुर्च्या त्या पुसत. बसत नसत.

"मावशी, पास झालात, चांगलं झालं. पण नियम असा आहे, की सहाय्यक हजर असल्याशिवाय मुलांना लॅबमध्ये बसवता येत नाही. परिचर चालत नाही. उद्या एखादं मशीन जळलं, एखाद्याला शॉक बसला, तर जबाबदार कोण? मी. आणि मला माहीतच नाही."

"खरंय, सर."

"सहाय्यक म्हणून तुमचा हुकूम निघायला महिना लागेल. तोवर बुधवारचं ते बंद."

"महिना?"

"कमीत कमी."

"त्यांची परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय, सर."

"मग मी काय करू? नियम मी केलेला नाही."

मावशींनी विचार केला. एररचं वाक्य असो नाहीतर नियमाचं, त्या ते सुरुवातीपासून वाचायला लागत. सहाय्यक हजर असल्याशिवाय बसवता येत नाही. ठीक.

"सर, सहाय्यकाच्या वरचा कोणी हजर असला तर चालतं का?"

"चालतं. का नाही चालणार?"

"म्हणजे प्राध्यापक?"

"हो."

"प्रमुख?"

प्रमुख मान डोलावता डोलावता थांबले. उशीर झाला होता.

"बुधवारी चारला तुम्हाला तास नसतो," मावशी म्हणाल्या. "तुमच्या केबिनमधलं वेळापत्रकही मीच पुसते."

घरी यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर कीबोर्ड उचलून त्याच्या फटींतली धूळ फुंकली आणि कपाटावर ठेवला. "प्रमुखांना बसवलंस नापासांच्या वर्गात," ते म्हणाले. "आता ते पास होतात का बघू."

बुधवारी चार वाजता पाटी लागली नाही. प्रमुख सर पुढच्या खुर्चीत येऊन बसले. नापास मुलं दारातच थबकली. मावशींनी त्यांना मागून ढकललं. "या, या. सर चावत नाहीत. तासभर तरी नाही."

पहिली वीस मिनिटं सगळे कीबोर्डवर वाकून बसले. नुसती टकटक. मग चष्मेवालीच्या स्क्रीनवर एक लांबलचक एरर आला, दोन ओळी भरून. तिने सवयीने मान मागे वळवली. मावशी खिडकीपाशी होत्या, हात पाठीमागे. सहाय्यकाचा हुकूम अजून निघालेला नव्हता. त्यांनी डोळ्यांनीच पुढे खूण केली.

"सर," चष्मेवाली चाचरत म्हणाली, "जरा बघता?"

प्रमुख उठून आले. त्यांनी एरर वाचला. पुन्हा वाचला. पंधरा वर्षं ते वरच्या वर्गांना शिकवत होते. पहिल्या वर्षाच्या चुका त्यांनी पहिल्या वर्षानंतर पाहिल्याच नव्हत्या. त्यांनी एक कोलन काढून पुन्हा घातला. एरर वाढले. तो पुन्हा होता तिथे ठेवला. एक ब्रेक खाली सरकवला. काही झालं नाही. खुर्ची ओढून ते बसले आणि शर्टाची बाही वर केली.

मावशींना खिडकीपासून अक्षरं वाचता येत नव्हती. पण एवढा लांब एरर एकाच कारणाने येतो. केस उघडल्याबरोबर पहिल्याच ओळीत कोणीतरी इंट लिहून नवीन व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायचा डबा, मांडलेलं असतं. त्याच्याभोवती महिरपी कंस घातला की संपलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मुलं एकेक करून उठली आणि प्रमुखांच्या खुर्चीमागे जमली. कोणी म्हणालं, "सर, वर बघा." कोणी म्हणालं, "सर, तो इंट बघा." प्रमुख म्हणाले, "थांबा, थांबा," आणि त्यांच्या आवाजात पहिल्या वर्षाच्या मुलाचा हट्ट आला.

चष्मेवाली गर्दीतून निसटून खिडकीपाशी आली.

"मावशी, तुम्हाला कळलंय ना? सांगा की."

मावशींनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि खिडकीची काच पुसायला घेतली.

"थोडा वेळ दे गं त्यांना," त्या म्हणाल्या. "पहिलाच बुधवार आहे."